जीबीएस, एक कादंबरी आणि तिचा सिनेमा

चप्पल पायातून निसटली आणि मला कळलंच नाही. सुरुवात तिथून झाली.

उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात मुलीसाठी, ऋतुजासाठी, जीन्स घ्यायला गेले होते. खरेदी करून शेअर रिक्षाच्या रांगेपर्यंत पोचले, तर मागून दुकानदार माझी डावी चप्पल हातात घेऊन धावत आला. "मॅडम, ये आपका रह गया. एक पैर में चप्पल नहीं, पता नहीं चला क्या?" तो हसत होता, मीही हसले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की भर दुपारी तापलेल्या रस्त्यावरून मी एक पाय अनवाणी चालत आले होते आणि चटका बसला नव्हता. मग हसू गेलं.

बदलापूरला कात्रपमध्ये आम्ही राहतो. मी, माझा नवरा सुनील, ऋतुजा आणि सासूबाई. मी अंबरनाथ एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत खरेदी विभागात आहे, सुनील तिथेच दुसऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. पाय दाखवायला गेले, तर जवळच्या डॉक्टरांनी थकवा सांगितला, इंजेक्शन दिलं. दोन दिवसांनी सकाळी बाथरूममधल्या स्टुलावरून मला उठता येईना. सुनीलला हाक मारली. तो आला, काखेत हात घालून त्याने मला उभं केलं, हात सोडले आणि मी त्याच्या अंगावर कोसळले. पायांना जोर नव्हता असं नाही. पाय होते की नव्हते, हेच समजत नव्हतं.

*

उल्हासनगरच्या हॉस्पिटलात मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही उडाला नाही.

सुनील वाकून बघत होता, बंद पडलेल्या मोटरकडे बघतो तसा. म्हणाला, "डॉक्टर, परत एकदा मारून बघा ना. जरा जोरात."

डॉक्टरांनी त्याच्या समाधानासाठी परत मारली. नंतर पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, नसांची तपासणी झाली आणि त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. गुलेन बॅरी सिंड्रोम, जीबीएस. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते. हा आजार पायांतून वर चढतो.

"किती वर?" मी विचारलं.

डॉक्टरांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "इथपर्यंत आला तर श्वासासाठी मशीन लावावं लागतं. येईलच असं नाही. म्हणून आजपासून आयसीयू. एक लक्षात ठेवा ताई, बहुतेक लोक यातून बरे होतात. पण हा आजार आधी खाली नेतो, मग वर आणतो. खाली नेत असताना घाबरायचं नाही."

मी घाबरले. सुनील घाबरला. बाहेरच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांना काहीच नीट कळलं नव्हतं, त्यामुळे त्या सगळ्यांत जास्त घाबरल्या होत्या. हा लेख ज्यांच्या घरी आज हे नाव पहिल्यांदा ऐकलं गेलंय त्यांच्यासाठी आहे, म्हणून हे लपवत नाही. पण डॉक्टरांचं ते वाक्य खरं निघालं, तेही आधीच सांगून ठेवते.

*

आयसीयूत दर काही तासांनी सिस्टर यायच्या आणि एका श्वासात आकडे म्हणायला सांगायच्या. श्वासाचे स्नायू किती टिकून आहेत हे त्यावरून कळतं. मला त्या आकड्यांची धास्ती बसली. प्रत्येक वेळी आधीपेक्षा अलीकडेच अडकायचे, आणि सिस्टरांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे.

एकदा मी म्हटलं, "सिस्टर, आकड्यांऐवजी दुसरं काही म्हणू का?"

"काय म्हणणार? स्तोत्र?"

"एका कादंबरीचं पहिलं वाक्य. लांबलचक आहे."

त्या हसल्या. "म्हणा. मला तुमचा दम बघायचाय."

ते वाक्य मला कॉलेजपासून पाठ आहे: "पूल होणार होणार म्हणता म्हणता खाडीत खांब उभे राहिले, खांबांवर बगळे बसायला लागले, तरी रोज पहाटे दामू तांडेल होडीतलं पाणी उपसायचा, वल्ह्याला तेल चोळायचा आणि पलीकडून कुणी हाक मारतंय का म्हणून कान देऊन उभा राहायचा."

त्या दिवशी मी तेल चोळण्यापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी होडीतल्या पाण्यापर्यंतच. मग बगळ्यांपर्यंत. बगळ्यांवर मात्र मी थांबले. परत परत तिथेच. सिस्टरांनी डॉक्टरांना सांगितलं, "पेशंट बगळ्यांवर स्टेबल आहे," आणि ते गंभीर डॉक्टर पहिल्यांदा माझ्यासमोर हसले. मशीन लावावं लागलं नाही.

*

त्या कादंबरीबद्दल थोडं सांगायला हवं. नाव मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की लोक लगेच दोन गट करतात आणि मला विचारतात, तू कुठल्या बाजूची?

खाडीवर होडी चालवून माणसं इकडून तिकडे नेणारा दामू तांडेल. खाडीवर पूल होतो आणि होडी बंद पडते. एवढीच गोष्ट. कादंबरी फार अबोल आहे. शेवटी पुलाचं उद्घाटन असतं, गाव तिकडे वाजंत्री घेऊन गेलेलं असतं आणि दामू रिकामी होडी घेऊन एकदा पलीकडे जाऊन येतो. एकटाच. होडी बांधतो. संपलं. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी रडले नव्हते. पुस्तक मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले होते.

मग ऋतुजा लहान असताना त्यावर सिनेमा आला. आम्ही सगळे कल्याणला जाऊन बघून आलो. सिनेमाने शेवट बदलला. दामू होडी सोडतो, आणि उद्घाटन टाकून एकेक माणूस काठावर येऊ लागतो. ज्यांना त्याने शाळेत पोचवलं ती, ज्यांना बाळंतपणाला नेलं ती, त्याच्याशी भांडलेली. सगळं गाव रांगेत उभं. कुणी काही बोलत नाही, फक्त सनई. थिएटरात सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. मी हुंदके देऊन रडले. परत येताना स्टेशनवर सुनील म्हणाला होता, "एसीमुळे माझे डोळे लाल झालेत."

अंबरनाथला आमचा पुस्तकवेड्यांचा एक ग्रुप आहे. तिथे या सिनेमाचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. लेखकाने जे न बोलता ठेवलं ते दिग्दर्शकाने सनई वाजवून सांगितलं, म्हणतात. त्यांचं चूक नाही. पण मला दोन्ही आवडतात. मनापासून, आणि एकाला कमी न लेखता. पुस्तकामुळे मला दामू समजला, सिनेमामुळे त्याला मिठी मारता आली. यात भांडण कशाला, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. आजारपणात तर दोघांनीही आपापली पाळी सांभाळली.

*

हात गेले, मग चेहरा. एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही गाल, ओठ, पापण्या, सगळं गळून पडल्यासारखं. डोळे मिटेनात. झोपताना सिस्टर मलम घालून वर चिकटपट्टी लावायच्या. बोलणं बोबडं झालं, नाकात नळी आली. एका वस्तूच्या दोन दिसायला लागल्या, त्यामुळे वाचणं बंद.

ऋतुजाने घरून ती कादंबरी आणली आणि भेटीच्या वेळात सुनीलच्या हातात दिली. "बाबा, तू वाच. मी वाचते तर मला रडू येतं."

सुनील मशीनच्या माहितीपुस्तिका आणि पेपरातलं क्रीडापान यापलीकडे काही वाचत नाही. त्याने दामूची गोष्ट पंपाच्या सूचना वाचाव्यात तशी वाचायला घेतली. स्वल्पविराम त्याला दिसतच नव्हते. पण तो रोज आला. कारखान्यातून थेट, हाताला ग्रीसचा वास घेऊन, बाहेर सॅनिटायझर चोळून. भेटीच्या वेळात जेवढं होईल तेवढं वाचायचा आणि जिथे थांबायचा तिथे बसचं तिकीट ठेवायचा.

कादंबरीच्या मध्यावर दामूची बायको तापाने जाते. पूर आलेला असतो, होडी लागत नाही. ते प्रकरण जवळ येत होतं. मला ते जवळजवळ पाठ होतं आणि मी ऐकायला तयार होते. सुनील पान उलटून थांबला. डोळ्यांनी पुढचं वाचलं. मग घसा खाकरून म्हणाला, "हे पान फाटलंय गं. पुढचं वाचतो."

पान फाटलेलं नव्हतं. ते पुस्तक माझं आहे, त्याचं एकही पान फाटलेलं नाही. तो तीन-चार पानं एकदम उलटून पुढे गेला आणि दामूची बायको त्या दिवशी मेली नाही. थिएटरातही नेमक्या त्याच जागी तो पॉपकॉर्न आणायला उठून गेला होता. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण त्या वाचनात मला नवरा नव्याने दिसला.

*

घरच्यांची ओढाताण सांगितली नाही तर हे खोटं होईल.

सासूबाई वांगणीच्या शेतकरी घरातल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं की हे बाहेरचं आहे, उतारा टाकायला हवा. त्यांनी पलंगाखाली लिंबू ठेवायचा प्रयत्न केला. सिस्टरांनी पकडलं आणि सुनील आयसीयूच्या दारात त्यांच्यावर ओरडला. "आई, इथे डॉक्टर जीव तोडून काम करतायत आणि तू लिंबू ठेवतेस!"

"मंग म्या काय करू?" सासूबाईही ओरडल्या. "तुमी सगली काय ना काय करताव. तू वाचून दावतोस, पोर तुझा डबा आनते. म्या नुसती बाकड्यावर बसू?"

ऋतुजाने मध्ये पडून तोडगा काढला. मला त्या वेळी नसांची फार आग व्हायची. कुणी जोरात हात लावला तर कळवळायचे, पण तळव्यांना हलक्या हाताने खोबरेल लावलं की बरं वाटायचं. डॉक्टरांना विचारून ते काम सासूबाईंना मिळालं. त्या दिवसापासून माझे पाय त्यांच्या ताब्यात. आयसीयूत त्यांना थोडाच वेळ मिळायचा, वॉर्डात हलवल्यावर मात्र त्या तिथून हलल्याच नाहीत.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर प्रत्येकाला काहीतरी काम द्या. खरं काम. आणि दुसरं म्हणजे पेशंटच्या देखत त्याच्याविषयी कुजबुजू नका. हात, पाय, चेहरा हलत नसला तरी त्याला सगळं ऐकू येतं आणि सगळं समजतं.

*

हे समजतं म्हणजे काय, ते एका दुपारी ऋतुजाला कळलं.

वॉर्डात आल्यावर तिने मोबाईलवर तो सिनेमा लावला. दोन-दोन दिसू नयेत म्हणून माझ्या एका डोळ्यावर पट्टी होती. शेवट आला. काठावर माणसं जमायला लागली, सनई सुरू झाली. सासूबाई रडायला लागल्या. शेजारच्या पलंगावरच्या सिंधी आजींच्या सूनबाई मध्येच येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना मराठी धड कळत नव्हतं, त्याही रडत होत्या. ऋतुजाने डोळे पुसून माझ्याकडे बघितलं.

माझा चेहरा भिंतीसारखा होता. ओठ थरथरले नाहीत, भुवया हलल्या नाहीत.

"आई," ती घाबरून म्हणाली, "तुला काहीच वाटत नाहीये का?"

आतून मी थिएटरातल्याइतकीच रडत होते. हे तिला कसं सांगावं ते कळेना. जीभ जड, ओठ जुळत नव्हते. कसंबसं म्हटलं, "वाटतंय. खूप. तोंडावर येत नाही."

ती माझ्या छातीवर डोकं ठेवून रडली. मग उठून सगळ्यांना म्हणाली, "आईच्या तोंडाकडे बघून ठरवायचं नाही. तिला विचारायचं." संध्याकाळी सुनील आल्यावर त्यालाही तिने हेच बजावलं. पुढचे कितीतरी दिवस घरातला प्रत्येक जण काहीही सांगून झालं की विचारायचा, "हसलीस का?" आणि मी सांगायचे, "हसले." आजारपणात याहून मोठं सुख मला मिळालं नाही.

*

वर येणं फार हळू असतं. फिजिओथेरपिस्ट नेहा मॅडम उल्हासनगरच्याच, सिंधी, मराठी-हिंदीची खिचडी बोलणाऱ्या. "वैशालीताई, आज अंगठा हिलवायचा. सिर्फ अंगठा. बाकी पाय को बोलो आराम कर." मी अंगठ्याकडे बघत बसायचे. डोक्यातून हुकूम निघायचा आणि वाटेत कुठेतरी हरवायचा. चिडून मी एकदा म्हटलं, मला नाही जमणार, सोडून द्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "छोड दूंगी. पहले ये कर लो, फिर छोड दूंगी." असं म्हणत त्यांनी मला बसवलं, कठड्याला धरून उभं केलं, वॉकर हातात दिला. अजून सोडलेलं नाही.

डिस्चार्ज ठरला तेव्हा सुनीलला बजावलं, सोसायटीत कुणाला सांगू नकोस. तोंड अजून अर्धवट वाकडं होतं. मला दामूसारखं गुपचूप काठाला लागायचं होतं. पण कात्रपला पोचलो तर इमारतीची लाईट गेलेली, लिफ्ट बंद, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सुनीलने डोक्याला हात लावला. मग वॉचमनने हाक दिली आणि दारं उघडली. खालच्या जोशीकाकूंनी प्लास्टिकची खुर्ची आणली, सुनीलने ती बाजूला सारून मजबूत लाकडी मागवली. चौघांनी मला उचललं. प्रत्येक मजल्यावर माणसं उभी होती. सनई वगैरे नव्हती. "अरे, मागून वर घे!" "माझा खांदा गेला!" "ताईंचा पाय सांभाळा, कठड्याला लागेल!" एवढंच. दुसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता.

मला वर ठेवून सगळे घामाघूम होऊन उभे राहिले. मी आभार मानायला तोंड उघडलं आणि उजवा गाल ओढला गेल्यासारखा वाटला. ऋतुजा किंचाळली, "आई, तू हसलीस! दिसलं!"

*

आता मी काठीशिवाय चालते. थकवा लवकर येतो, संध्याकाळी पाय जड होतात, बोटांत अजून पूर्ण ताकद नाही. कंपनीत जायला लागलेय, सध्या अर्धा दिवस.

मागच्या रविवारी टीव्हीवर तो सिनेमा लागला होता. जेवणं आटपून आम्ही बसलो. शेवट जवळ आला तसं मी सासूबाईंना पदर पुढे घेताना बघितलं. पण या वेळी त्या रडल्या नाहीत. सिनेमा संपल्यावर म्हणाल्या, "त्या पुस्तकात शेवट निराला हाय ना गं? सुनील हास्पिटलात वाचीत व्हता."

"हो. त्यात कुणी येत नाही. तो एकटाच जाऊन येतो. वॉर्डात त्याने तो वाचला तेव्हा तुम्ही चिडला होतात. म्हणाला होतात, गावात माणसं नव्हती का?"

"चिडली व्हती. मना तवा तसा आयकवत नव्हता." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "पन तुला त्या काचेच्या खोलीत ठेवली व्हती ना, तवा आमी सगली भायेर उभी. म्या, सुनील, पोर. येकानंपन तुझ्या जागी जाता येत नव्हता. काठावर कवढी बी मानसा असू दे बाय, व्हडीत तू येकलीच व्हतीस."

मी टीव्ही बंद केला.

"ता वाच आज," त्या म्हणाल्या. "मना आयकायचाय."

सुनीलने कपाटातून कादंबरी काढून दिली. शेवटच्या प्रकरणाला थोडीच पानं आहेत. मी वाचायला लागले. पान उलटताना बोटं अडखळली, तसं सासूबाईंनी हात पुढे केला. त्यांना वाचता येत नाही. पान संपलं की मी मान हलवायचे आणि त्या पान उलटायच्या. दामू पलीकडे पोचला, वळला, परत आला. होडी बांधली. पुस्तक मिटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चांगला हाय. ह्यो पन चांगला हाय."